चालू मशीनचा सेल

नवतपा लागला की आमच्या रायपुरात माणसं बोलणंसुद्धा जपून करतात. सूर्य रोहिणीत शिरला की नऊ दिवस नुसता जाळ. सकाळी नऊलाच रस्ता चटके देतो. डोक्याला गमछा आणि खिशात कांदा असल्याशिवाय कोणी गल्लीबाहेर पडत नाही, आणि दुपारी एक ते चार सगळा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, दारं लावून गुडूप होतो. सकाळी पाण्यात घातलेला बासी भात, वर कच्चा कांदा आणि कैरीची चटणी, मग दिवसभर पन्हं. कूलरच्या ताट्यांमधून खसचा ओला वास घरभर फिरत असतो. बाकीच्यांना त्या वासानं गार वाटतं. मला मात्र त्याच्या मागोमाग दुसरा एक वास येतो, सोल्डरच्या धुराचा, जळक्या राळेचा. घरात कोणी काही जोडत नसतानाही येतो. तीन वर्षांपूर्वीच्या नवतप्यात मेश्रामभाऊ आमच्या मागच्या खोलीत पाच दुपारी मांडी ठोकून बसले होते, तेव्हापासून हे दोन वास माझ्या नाकात एकत्रच नांदतात.

मेश्रामभाऊ आले होते आमचं मशीन सुधरवायला. मशीन म्हणजे वीडियो गेमचं, पूर्वी दुकानांतून असायचं ते, कपाटाएवढं उंच, समोर काचेआड टीव्ही, खाली एक दांडा आणि दोन बटणं. सिक्का टाकायचा आणि उभ्याउभ्या विमानं पाडत सुटायचं. मी शाळेत असताना बाबांनी घराच्या पुढच्या खोलीत या खेळांचं दुकान काढलं होतं. चार मशीनं होती. पुढं घरोघरी कॉम्प्युटर आले, पोट्टे यायचे बंद झाले, तीन मशीनं भंगारात गेली. हे एक बाबांनी मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. दर रविवारी तासभर ते चालू करायचे, आणि दसऱ्याला त्याला झेंडूची माळ. 'याच्या पोटात एक सेल आहे,' ते सांगायचे. 'चालू केलं की तो भरतो. सेल आहे तोवर यादी आहे.'

यादी! ती यादी म्हणजे माझी इस्टेट होती. खेळ संपला आणि गुण चांगले असले की मशीन नाव विचारायचं, इंग्रजी तीन अक्षरांत. अशी दहा नावं त्याच्या मेमरीत राहायची. ज्या पोट्ट्यांना नाव टाकायचा कंटाळा, ते नुसतं बटण दाबायचे, मग त्यांच्या जागी ए-ए-ए पडायचं. खाली असे ए-ए-एचे ढीग होते. दुसऱ्या नंबरवर मी होतो, व्ही-आय-एन, विनय. आणि पहिल्या नंबरवर ए-ए-आय.

या ए-ए-आयनं दहावीनंतरच्या सुट्टीतला माझा अख्खा नवतपा खाल्ला. एरवी मी त्या वयात उन्हातान्हाचा सायकल घेऊन तेलीबांध्याच्या तळ्यापर्यंत भटकायचो, गंगाइमलीच्या, म्हणजे विलायती चिंचेच्या झाडांवर दगड मारत. एका संध्याकाळी दुकान उघडलं तर माझा पहिला नंबर गेलेला. मी म्हटलं, ठीक, बघून घेतो. सकाळी बसलो, जेवायच्या आत परत वर आलो. संध्याकाळी बघतो तर ए-ए-आय माझ्या डोक्यावर! असं नऊच्या नऊ दिवस. मी भटकणं सोडलं, मशीनला चिकटलो, बोटांना फोड आले. सकाळी मी वर, संध्याकाळी तो वर. पोट्टे विचारायचे, 'ये ए-ए-आई है कौन भाई?' मी शोध लावला. रेल्वे कॉलनीतला अजय अय्यर, बापाचं नाव अनंत. अजय अनंत अय्यर, झालं की नाही ए-ए-आय? मी त्याची कॉलरच धरली. तो बिचारा रडकुंडीला येऊन सांगत होता, 'माँ कसम, मैं नहीं हूँ.' मी दोन वर्षं त्याच्याशी बोललो नाही.

बाबा गेले, आणि रविवारचं काम माझ्याकडे आलं. मी बँकेत नोकरी करणारा माणूस, रविवारी कपडे, भाजी, नातेवाईक. खोटं कशाला सांगू, महिनेच्या महिने विसरलो. त्या नवतप्यात एकदा चालू केलं तर पडद्यावर सगळा खिमा. विमानांच्या जागी चौकटी, अक्षरं वाळवी लागल्यासारखी अर्धी अर्धी. यादी आली, तिच्यातलं एक अक्षर धड नाही. बाजारातल्या एका दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणतो, 'भैया, इसको फेंको, नया बोर्ड डाल देता हूँ, हज़ार गेम आएगा.' अरे बाबा, हजार खेळ घेऊन मी काय लोणचं घालू? मला ही दहा नावं पाहिजेत. त्यातलं दुसरं तर नक्कीच.

मग कोणीतरी मेश्रामभाऊंचं नाव सांगितलं. बीरगांवला राहतात, सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात जन्मभर इन्स्ट्रुमेंट खात्यात होते, म्हणजे भट्टीची मीटरं, पॅनल, सगळी नाजूक कामं. आता रिटायर. वीडियो गेम त्यांनी आयुष्यात उघडला नव्हता. स्कूटरवरून आले, गमछा सोडला, घाम पुसला, मशीनसमोर बसले आणि अर्धा तास कशालाही हात लावला नाही. मी आपला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तयार.

'उघडायचं का?' मी विचारलं.

'थांबा भैया. आधी त्याले सांगू द्या, कुठं दुखून राहिलं.'

आणि मशीननं खरंच सांगितलं. आत एक छोटा खटका होता. तो दाबून ठेवून चालू केलं की मशीन आपली आपण तपासणी करायचं. बाबांनाही तो ठाऊक नव्हता. मेश्रामभाऊंनी तो पाच मिनिटांत शोधला, केवळ 'असा असलाच पाहिजे' म्हणून. अर्धवट अक्षरांत एक ओळ आली, ती त्यांनी चष्मा वर करून वाचली. मेमरीच्या चिपांपैकी एक मेली होती, पडद्यावर चित्र धरून ठेवणारी. 'नावं दुसऱ्या चिपमध्ये आहेत,' ते म्हणाले. 'ती जिवंत दिसते. पण तिचा सेल पहा.'

मी पाहिला. हिरवट निळी बुरशी धरलेली, तीन चकत्यांची छोटी कांडी. सेल फुटून त्याचं पाणी बोर्डावर सांडलं होतं आणि तांब्याच्या केसाएवढ्या रेषा त्यानं खाऊन टाकल्या होत्या. मेश्रामभाऊंनी मीटरचे काटे टेकवले. 'दोन व्होल्टच्या जरासा वर. याच्या खाली गेला की झालं, यादी साफ.' ते असं बोलले जसं डॉक्टर व्हरांड्यात नेऊन बोलतात. मी त्यांना म्हटलं, 'भाऊ, काहीही करा, पण ती यादी वाचवा.' ते म्हणाले, 'हव.' बस, एवढंच. पण त्या एका 'हव'वर मी रात्री झोपलो.

त्यांचं काम बघणं म्हणजे... काय सांगू! मी बँकेत वीस वर्षांत असं मन लावून कोणाला काम करताना पाहिलं नाही, मला तर नाहीच नाही. मेलेली चिप नक्की कोणती, हे ठरवायला त्यांनी तशीच एक चांगली चिप आणली आणि संशयित चिपच्या पाठीवर बसवली, पायाला पाय जुळवून. पाठकुळीच की! एकीच्या पाठीवर बसवली, काही नाही. दुसरीच्या पाठीवर बसवली, काही नाही. तिसरीच्या पाठीवर बसवली आणि पडद्यावरची विमानं एकदम विमानांसारखी दिसायला लागली. मी टाळ्या वाजवल्या. ते नुसतं म्हणाले, 'सापडली,' आणि गार पन्ह्याचा पेला तोंडाला लावला. खाल्लेल्या रेषा त्यांनी कापसाच्या काडीनं, थोड्या सिरक्यानं आणि मग स्पिरिटनं पुसल्या, उन्हात वाळवल्या, आणि जिथं रेषाच उरली नव्हती तिथं केसासारखी तार जोडली. त्यांचे हात जाड, भाजल्याचे डाग असलेले. पण तार धरली की त्या हातांचं वजनच जायचं.

पन्हं घेऊन आई दाराशी यायची. त्र्याहत्तर वर्षांची, पायानं जरा अधू, जिभेनं नाही. खोलीत शिरायची नाही, उंबऱ्यातूनच पेले द्यायची आणि म्हणायची, 'भाऊ, उघडं करून ठेवलं आहे, करंट लागंल, मेन तरी बंद करत जा.' आमच्या आईचा मेन स्विचवर फार जीव. कुठे काही वाजलं, वास आला, ढग दिसला, की ती आधी मेन बंद करणार आणि मग विचारणार काय झालं. एकदा विजेनं टीव्ही जळला होता, तेव्हापासूनचं हे.

चौथ्या दिवशी चिप बदलून झाली. यादी स्पष्ट, अक्षर न् अक्षर. मी व्ही-आय-एनला डोळे भरून पाहिलं. मेश्रामभाऊ नाक पडद्याला लावून बसलेले. 'पाहिलं का, मी दुसरा!' मी म्हटलं. 'अन् हा वरचा ए-ए-आय, तीस वर्षं झाली, कोण ते कळलं नाही.' ते म्हणाले, 'नावं तुमची तुम्ही वाचा, मी अक्षराच्या कडा पाहून राहिलो.'

पाचव्या दिवशी सेल बदलायचा होता. मी शहाण्यासारखा प्लग काढायला गेलो तर मेश्रामभाऊ जवळजवळ ओरडले. 'हात नका लावू! हे काम चालूवरच करायचं असते.' मग त्यांनी समजावलं. कारखान्यातल्या पॅनलमध्येही अशीच मेमरी असते, आणि नवा माणूस हमखास तीच चूक करतो, चांगल्या सवयीनं. आधी लाईट बंद करतो, मग सेल काढतो. सेलही नाही, लाईटही नाही, भट्टीचा सगळा प्रोग्राम साफ. म्हणून मशीन चालू पाहिजे. लाईट मेमरीला धरून ठेवते, तेवढ्यात जुना सेल काढायचा आणि नवा बसवायचा. दोन-तीन मिनिटांचं काम. लाईटच गेली तर? म्हणून त्यांनी माझ्या कॉम्प्युटरचा यूपीएस बाहेरच्या पडवीत ठेवून मशीन त्याच्यावर घेतलं होतं. सोल्डरिंग आयर्न तापवायचं, त्याची पिन काढायची आणि मगच टाका द्यायचा, म्हणजे चालू बोर्डाला धक्का नको. माणसानं किती ठिकाणचा विचार करावा!

दुपारचे तीन वाजले असतील. ते मशीनच्या पोटात डोकं घालून, मी टॉर्च धरून. जुना सेल कट करून निघाला. हिरवी बुरशी धरलेली ती कांडी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. आणि बाहेर एकदम अंधड सुटलं. नवतप्यात असं होतं. मिनिटभरात आभाळ मातकट झालं, खिडकी आपटली, कुठे तरी पत्रा वाजला. खोलीतला बल्ब गेला, कूलर घरघरत थांबला. पण मशीनचा पडदा तसाच चालू! पडवीतून यूपीएसचं टूं... टूं... ऐकू येत होतं. मेश्रामभाऊ आतूनच हसले. 'म्हणूनच तं लावला होता,' ते म्हणाले. मी त्या क्षणी त्यांच्या पाया पडलो असतो. नवा सेल त्यांच्या चिमट्यात होता, एक पाय जोडून झाला होता, दुसरा राहिला होता.

टूं... टूं... आणि टूं थांबलं.

पडदा मिटला. मध्यभागी एक पांढरा ठिपका राहिला आणि तोही गेला. पडवीतून आईचा आवाज आला, 'काही नाही रे, मीच मेन बंद केलं! आंधी आली नं! अन् हे डबडं टूं टूं करत होतं, ते पण बंद केलं!'

मी जो ओरडलो, तो आजही आठवला की कान गरम होतात. तीस वर्षांचं पाणी केलंस, बाबांनी जपलं होतं, या माणसानं पाच दिवस उन्हातून येऊन... काय काय बोललो. आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली, पदर सावरत. मेश्रामभाऊ बाहेर निघाले, घामानं निथळलेले, आणि माझ्या आधी त्यांनीच तोंड उघडलं. 'काकूले काही बोलू नका. चूक माझी आहे. प्लांटमध्ये आम्ही अशा कामाच्या टायमाले मेनवर पाटी लटकवतो, काम चालू आहे, हात लावू नये. घर म्हणून मी नाही लटकवली. घरात तं अधिक पाहिजे होती.' त्यांना कोणी दोष दिला नसता. तरी त्यांनी तो असा उचलून घेतला की माझा आवाज आपोआप खाली आला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तशी पाटी रंगवून आणली. ती अजून आमच्याकडे आहे, दर नवतप्यात सेल तपासायला येतात तेव्हा आई ती स्वतःच्या हातानं लावते.

पण त्या दिवशी आईला काही समजेना. 'मशीन तं सुधरलं नं? मग गेलं काय एवढं?'

'नावं गेली, आई! माझं गेलं. पहिल्या नंबरचं गेलं, त्या ए-ए-आयचं.'

'कोणाचं?'

'ए, ए, आय!'

'बाप्पा!' आई म्हणाली. 'ते तं माझं होतं. आई. मशीननं नाव विचारलं, मग दुसरं काय लिहू मी? माझंच मी पुसलं, तू काहून रडून राहिला?'

बाहेर पावसाचे दोन-चार टपोरे थेंब पत्र्यावर वाजले आणि तेवढ्यावरच ते थांबलं. मराठी माणूस मी, जन्मभर जिला आई म्हणून हाका मारल्या, तिचं नाव समोर तीन अक्षरांत लिहिलेलं, आणि मी ते तीस वर्षं हिंदी पोट्ट्यांसारखं सुटं सुटं ए-ए-आय वाचत होतो! अय्यरची कॉलर धरली होती मी.

मग हळूहळू तिनं सांगितलं, पाय लांब करून, उंबऱ्यावर बसून. दुपारी दुकान बंद असायचं. बाबा झोपायचे, मी आधी उन्हात भटकत असायचो आणि पुढं घरात झोपायचो. ती पुढच्या खोलीत झाडायला जायची. एक दिवस सहज दांडा हलवून पाहिला. मशीनच्या दाराची किल्ली तिच्याच कमरेला, तोच सिक्का परत परत टाकून आणि आवाज बारीक करून ती रोज तीन तास खेळायची. 'तू त्या साली दिवसभर उन्हात फिरत होता,' ती म्हणाली. 'सांगून सांगून थकली मी, लू लागंल म्हणून. त्या नंबरसाठी तू घरात बसायले लागला. मग मी काय करू? रोज दुपारी तुझ्या वर जाऊन ठेवायची.' मग म्हणाली, 'अन् मले आवडत होतं. खोटं काहून बोलू.'

'मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस?'

'तू विचारलं कधी?'

हे खरंच होतं. अय्यरला विचारलं, अख्ख्या पाऱ्याला विचारलं. आईला विचारायचं सुचलंच नाही. ती स्वयंपाक करते, ती पन्हं करते, ती मेन बंद करते, एवढंच आपल्याला माहीत असतं. मला माझी लाज वाटली आणि तिचा असा अभिमान वाटला की डोळ्यात पाणी आलं. माझ्यापेक्षा चांगलं खेळणारी बाई नऊ दिवस मला हरवून संध्याकाळी मला पोहे देत होती, तोंडावरची रेषही न हलवता!

लाईट आली. मेश्रामभाऊंनी दुसरा पाय जोडला, मशीन लावलं. चित्र लख्ख, आवाज लख्ख, आणि यादीत वरपासून खालपर्यंत ए-ए-ए, ए-ए-ए. 'आता कोणी तरी खेळा,' ते म्हणाले. 'एक नाव टाका. रात्रभर बंद ठेवू. सकाळी राहिलं तं सेल पक्का.' दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. पहिला नंबर रिकामा होता. दोन विमानं पाडली असती तरी माझा झाला असता, या वेळी कायमचा. मी दांड्याला हात लावला आणि तो हलवेना.

'सरक,' आई म्हणाली.

तिला स्टूल दिलं. तिनं चष्मा नाकावर खाली ओढला, डाव्या हातानं दांडा असा धरला जशी ती वरणात रवी धरते, दोन बोटांत, मनगट ढिलं. मी सगळं आयुष्य तो मुठीत आवळत आलो. ती विमानांच्या मागं धावत नव्हती. एका कोपऱ्यात थांबून ती त्यांना येऊ देत होती, आणि आली की शांतपणे बटण दाबत होती. मेश्रामभाऊंनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि पाहत राहिले. दुसऱ्या फेरीत तिचं बोट उशिरा पडलं आणि विमान फुटलं.

'बोटं नाही चालत पहिल्यासारखी,' ती चिडून म्हणाली. 'परत लाव. हे धरूच नको.'

मी परत लावलं. या वेळी ती पुढं गेली. मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होतो, श्वास धरून.

'विन्या, असा मागं उभा नको राहू, मले नाही जमत,' पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. 'जाय, झोप थोडा.'

मी सेहेचाळीस वर्षांचा माणूस, मुकाट्यानं जाऊन पडलो.